चावलेल्यांच्या रांगेत कुत्र्याचे मालक

सायकल मुळात माझी नव्हे, मुलाची. तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि त्याची गियरची सायकल जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली धूळ खात उभी राहिली. जाता-येता तिचं हँडल माझ्या पिशवीच्या बंदात अडकायचं आणि मी तिच्या नावानं बोटं मोडायची. पण दिवसभर फळ्यासमोर उभं राहून भूगोल शिकवता शिकवता माझे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, सायकल चालवा. गुडघ्याला तेवढाच आराम."

मी शेवटची सायकल चालवली होती ती कॉलेजात असताना. आमचे हे टेंभुर्णीला नोकरीला. रोज पहाटेची एसटी पकडतात. त्यांना एक रविवार मिळतो, तो त्यांनी माझी सीट धरून पळण्यात घालवला. कॉलनीतली पोरं गच्चीवरून बघत होती. दुपारपर्यंत मी पडायची थांबले आणि संध्याकाळी ह्यांनी मला हेल्मेट आणून दिलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीनं हे सगळं बाल्कनीतून पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःची सायकल घेतली. तिचं माहेर साखर पेठेतलं, विणकरांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि घाबरली की दोन्ही एकदम. तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, ते दहाला उघडतं. त्यामुळं सकाळ आम्हा दोघींची. जुळे सोलापुरातून विजापूर रोडला लागायचं, सोरेगावच्या पुढपर्यंत जायचं, येताना टपरीवर चहा घ्यायचा. सोलापूरचं ऊन चढायच्या आत घरी. गार वारा तोंडावर घेत जाताना आपण पन्नाशीच्या आहोत हे दोघीही विसरायचो.

अडचण एकच होती. कॉलनीतून मुख्य रस्त्याला जायची वाट कोपऱ्यावरच्या बंगल्यासमोरून जाते, आणि त्या बंगल्यात कुत्रा होता.

अर्धा अल्सेशियन, उरलेला अर्धा कोण ते त्यालाच ठाऊक. काळी पाठ, तांबूस पोट, आणि उभा राहिला की माझ्या हँडलला नाक लागेल एवढा उंच. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण आमच्या भागात त्याच नावाचे एक पुढारी आहेत आणि मालकांनी हाक मारली की लोक उगाच इकडंतिकडं बघायचे. मालक पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. पासष्टीच्या आसपासचे, कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मी काका म्हणायची. अक्कलकोटकडचं घराणं, आमच्याशी मराठी बोलायचे, बायकोशी आणि कुत्र्याशी कानडी.

काकांची सकाळची रीत ठरलेली होती. फटफटलं की गेट सताड उघडायचं आणि आपण व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचं. कुत्रा बाहेर यायचा, समोरच्या रिकाम्या प्लॉटवर आपलं उरकायचा आणि मग काका हाक मारेपर्यंत रस्त्याच्या मधोमध बसायचा. चालणाऱ्याला तो काही करत नसे. स्कूटरकडं नुसता बघायचा. पण सायकल दिसली की त्याच्या अंगात यायचं. फिरणारे पाय त्याला सहन व्हायचे नाहीत. कान मागं टाकून तो असा सुटायचा की टायरच्या आवाजाबरोबर त्याच्या नखांचा आवाज मला ऐकू यायचा.

सल्ले भरपूर मिळाले. एक जण म्हणाला, जोरात मारत सुटा. दुसरा म्हणाला, अजिबात जोरात मारू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून उभ्या राहा. शाळेतल्या पीटीच्या सरांनी बाटलीतलं पाणी तोंडावर उडवायला सांगितलं. मी उडवलं. कुत्र्यानं ते चाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली दिसली की दुरूनच पळत यायला लागला. मैत्रिणीनं बिस्किटाचा पुडा खिशात ठेवायला सुरुवात केली. तिचा हिशेब असा की त्याचं तोंड बिस्किटात गुंतलं की आपण निसटायचं. तो बिस्कीट एका घासात संपवायचा आणि दुसऱ्यासाठी पार मुख्य रस्त्यापर्यंत आमच्यामागं यायचा. "अम्मो! आता हा रोजच येणार की गं," ती ओरडायची आणि आणखी एक फेकायची.

आमचे हे म्हणाले, "हेल्मेट डोक्याला आणून काय उपयोग झाला? पायाला आणायला पाहिजे होतं."

शेवटी एक दिवस मी सायकल गेटला टेकवून काकांना सांगायला गेले.

"काका, कुत्र्याला बांधा की सकाळी. आम्हाला फार त्रास होतो."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तो काही करत नाही हो. खेळायला येतो."

"त्याला खेळ असेल. मला धडकी भरते."

"तुम्ही घाबरता ना, ते त्याला कळतं. घाबरायचं नाही. नॉर्मल जायचं."

आतून त्यांच्या मिसेस हात पुसत आल्या. धिप्पाड बाई, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. "मी रोज सांगते ह्यांना, गेट लावा, गेट लावा. ऐकतील तर शप्पथ!"

"तू आत जा बघू," काका म्हणाले, आणि मला म्हणाले, "बघतो मी."

मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी बघतो म्हटलं. गेट उघडंच राहिलं.

तो दिवस माघातला होता. मैत्रिणीच्या दुकानात लग्नसराईचं काम साठलेलं, म्हणून ती आली नव्हती; मी एकटीच निघाले. रस्ता मोकळा दिसला. रिकाम्या प्लॉटवरही कोणी नव्हतं. मला वाटलं, आज सुटले. तेवढ्यात समोरच्या कारखालून तो निघाला. बहुतेक रात्रीची ऊब धरून तिथं झोपला होता आणि माझ्या चेनच्या आवाजानं दचकून उठला. भुंकलासुद्धा नाही. मला फक्त डाव्या पोटरीला एक हिसका बसल्यासारखा वाटला, हँडल वळलं आणि मी सायकलसकट खाली. तो आपणच घाबरून चार पावलं मागं सरला आणि भुंकायला लागला. सलवारीची पोटरीजवळची कड फाटली होती आणि आतून रक्त येत होतं.

काका पेपर टाकून अनवाणी धावत आले. "बा इल्ली! बा इल्ली!" असं कानडीत जवळ बोलावत त्यांनी कुत्र्याची मानगूट धरली. माझ्याकडं बघून पहिलं वाक्य बोलले ते असं, "आजवर कधी कुणाला चावला नाही हो तो."

त्यांच्या मिसेस मागून आल्या. "आता चावलाय की! तिथं उभं राहून काय सांगताय? त्याला कोंडा आधी."

त्यांनी मला बखोट धरून उठवलं, अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि कपड्याचा साबण लावून पोटरी धुवायला लागल्या. किती तरी वेळ धूत होत्या. मी आईगं-आईगं करत होते आणि त्या म्हणत होत्या, "ओरडा, ओरडा. पण पाय हलवू नका." जखम मोठी नव्हती, दातांच्या खुणा होत्या आणि एका ठिकाणी कातडं फाटलं होतं. पण मला रडू यायला लागलं ते दुखण्यानं नव्हे, रागानं. इतक्यांदा सांगितलं होतं.

ह्यांना फोन केला तर एसटी मोहोळच्या पुढं गेलेली. "मी उतरतो आणि परत येतो," हे म्हणाले. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "साहेब, तुम्ही येऊ नका. कुत्रं माझं आहे. मी नेतो मॅडमना." आणि त्यांनी सदरा बदलून गाडी काढली.

सरकारी दवाखान्यात कुत्रं चावलेल्यांची वेगळी रांग असते हे मला माहीत नव्हतं. केसपेपर काढला आणि आम्ही बाकड्यावर बसलो. तिथं माझ्या आधी बरेच जण होते. कुणाच्या हाताला फडकं, कुणी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. माझ्याशेजारी एक दूधवाले बसले होते. ते सायकलवरून दूध घालतात हे त्यांच्या पँटला वरपर्यंत लागलेल्या चेनच्या काळ्या वंगणावरून कळत होतं. पलीकडं सांगोल्याकडची एक म्हातारी लेकीकडं आली होती; मोठं नेसूचं लुगडं, हातावर गोंदण. आणि भिंतीला टेकून एक रिक्षावाले उभे होते, अंगठ्याला पट्टी बांधून.

सिस्टर एकेकाला विचारत पुढं येत होत्या. माझ्याजवळ आल्या. "कुठं चावलं?"

"पोटरीला."

"मोकाट की पाळीव?"

"पाळीव."

"मालक कोण?"

माझ्याआधी काकांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मी."

सगळी रांग वळून बघायला लागली. रिक्षावाले भिंत सोडून दोन पावलं पुढं आले. "क्या बोले? मालक? सच्ची के मालक?"

"होय. कुत्रं माझं आहे," काका म्हणाले.

"याल्ला! मैं कब से ढूंढरा. मेरे कू तो मालकच नहीं मिला. पूरे मोहल्ले में पूछा, सब बोले हमारा नहीं. रोज रोटी डालते, पन हमारा नहीं!"

दूधवाले बाकड्यावर पुढं सरकले. त्यांना असा माणूस समोर कधी बसलेला मिळाला नसावा. "सायेब, राग मानू नका, पर एक इचारू का?"

"विचारा."

"मी सायकलवर दूध घालतो. दोनी बाजूला कॅन. कुत्रं मागं लागलं आन पाय वर घेतलं, तर कॅन कलंडतोय. पाय खाली ठिवलं, तर पोटरी जातीय. मग मी काय करायचं सांगा."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मालक गच्चीवरनं बगत असत्यात. येक जण म्हनत न्हाय, आमचं हाय म्हनून. आन दूध घेताना काय म्हनत्यात? कुत्र्यासाटी अर्धा लिटर जादा घाला! दूध प्येताना कुत्रं त्यांचं. चावलं की सरकारचं."

रांगेत हशा पिकला. मीसुद्धा हसले, पाय दुखत असताना. म्हातारी मात्र हसली नाही. ती काकांकडं निरखून बघत होती.

"बाबा, तुमी शिकल्यालं दिसताय."

"होय आजी."

"मग कुत्रं काय कॉलेजात जातंय व्हय सकाळचं, येकटं सोडायला?"

आता सिस्टरही हसल्या. काकांचे कान लाल झाले होते. त्यांना उठून बाहेर जाता आलं असतं. गाडीत बसून थांबतो म्हणाले असते तर मी अडवलं नसतं. पण ते बसून राहिले. एकेकाचं ऐकत राहिले. कुणाचं कुत्रं कुठं मागं लागलं, कोण कुठल्या गटारात पडलं, कुणाच्या पोरीनं शिकवणीला जायची वाट बदलली. त्यातल्या बहुतेक कुत्र्यांशी काकांचा संबंध नव्हता. पण त्या दिवशी सोलापुरातल्या सगळ्या कुत्र्यांचे मालक म्हणून ते त्या बाकड्यावर बसले होते, आणि लोकांनीही मन मोकळं करून घेतलं.

माझा नंबर आला. "कुत्र्याला इंजेक्शनं दिलेली आहेत," काकांनी सिस्टरना सांगितलं.

"बरं केलं. तरी ह्यांना पूर्ण कोर्स घ्यायचा. तारखा चुकवायच्या नाहीत," सिस्टर म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "बाही वर करा."

परत येताना काका गाडी फार हळू चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच म्हणाले, "मॅडम, मला धरवत नाही हो तो."

मला आधी कळलं नाही.

"रिटायर झालो तेव्हा पिल्लू आणलं. तेव्हा मी रोज लांबवर न्यायचो त्याला. मागच्या वर्षी साखळी धरून चाललो होतो, त्याला मांजर दिसलं. असा ओढला की मी तोंडावर आपटलो. हिला सांगितलं, पाय घसरला. त्यानंतर हिंमत होईना. मग गेट उघडायला लागलो. म्हटलं, आपला आपण जाऊन येतो, काय बिघडलं?"

मला वाईट वाटलं. पण पोटरी ठणकत होती आणि राग गेलेला नव्हता. मी म्हणाले, "काका, तुम्ही पडू नये म्हणून मी पडायचं का?"

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मग म्हणाले, "नाही. ते बरोबर नाही." बस, तेवढंच. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला का? नाही झाला. पण त्यांनी जिन्यापर्यंत सोडताना माझी पिशवी स्वतः धरली, तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं.

संध्याकाळी हे टेंभुर्णीहून आले ते तरातरा बंगल्याकडं निघाले होते. "चार शब्द सुनावून येतो." मी म्हणाले, "नका जाऊ. त्यांना आज अख्ख्या रांगेनं सुनावलंय." आणि दवाखान्यातली सगळी हकीकत सांगितली. म्हातारीच्या वाक्याला हे इतके हसले की भांडायचा त्यांचा जोरच गेला.

पुढच्या इंजेक्शनला काका ठरल्या वेळी गाडी घेऊन जिन्यापाशी हजर. मी म्हणाले, मी रिक्षानं जाईन. ते म्हणाले, "नाही मॅडम, हे माझं काम आहे." आमची रांगही बरीचशी तीच होती, एकाच दिवशी चावलेल्यांच्या तारखाही एकच असतात. म्हातारी लेकीसोबत आली होती, दूधवाले होते, रिक्षावाले जरा उशिरा आले. काकांना बघून सगळ्यांनी ओळखीच्या माणसाला करतात तसा रामराम केला.

दूधवाल्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "बांदलं का सायेब?"

"बांधलं. पण दिवसभर ओरडतो. झोपू देत नाही कुणाला."

"ओरडंल की. सवय न्हाय त्याला. फिरवायला न्हेता का?"

काका खाली बघायला लागले. "तेच जमत नाही." आणि कसं कोण जाणे, जी गोष्ट बायकोला सांगितली नव्हती ती त्यांनी दूधवाल्यांना सांगितली. साखळी, मांजर, तोंडावर आपटणं, सगळं.

म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात आनि कोन न्हाय का धरायला?"

"मी आणि मिसेस. दोघंच."

"मग तिला इचारलं का?"

काकांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

त्यानंतर बंगल्यात काय झालं ते मला काकूंनीच सांगितलं. तोवर मी त्यांना काकू म्हणायला लागले होते, कारण त्या दिवसाआड डब्यातून काहीतरी घेऊन यायच्या. एकदा गव्हाची गोड हुग्गी, एकदा कडक भाकरी आणि शेंगा चटणी. सोफ्यावर बसून पाय हलवत सांगत होत्या:

"दवाखान्यातून आले आणि गप्प. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, मी मागं घसरलो नव्हतो, त्यानं पाडलं होतं मला. म्हटलं, मग वर्षभर गप्प का बसला? तर म्हणतात, तुला काळजी लागेल. आता बघा! मला काळजी नको, म्हणून तुमची पोटरी. मी म्हटलं, आणा ती साखळी इकडं. माहेरी मी शर्यतीचे बैल धरलेत. ह्या कुत्र्याचं काय घेऊन बसलात?"

त्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीतून बघितलं. काकू पातळाचा पदर खोचून, पायात काकांचे बूट घालून रस्त्यावर. हातात जाड पट्टा, दोन वेढे मनगटाला. कुत्र्यानं पहिल्यांदा सवयीनं एक हिसका दिला. काकू जागच्या हलल्या नाहीत. "सुम्न निल्लु!" एवढंच म्हणाल्या. त्याचा अर्थ गप उभा राहा. मला कानडी येत नाही, पण बाल्कनीत उभी असून मीच आधी गप उभी राहिले. कुत्र्यानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, विचार केला आणि चालायला लागला. मागून काका, एका हातात प्लास्टिकची पिशवी आणि दुसऱ्या हातात जुनं सुपडं घेऊन. रिकाम्या प्लॉटवर थांबून त्यांनी जे उचलायचं ते उचललं. समोरच्या घरातले दोघं-तिघं बाहेर येऊन बघत होते. काकांनी त्यांच्याकडं न बघता पिशवीला गाठ मारली.

मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. तोंडावर हात ठेवून म्हणाली, "साहेबांना बघ गं. इंजिनिअर माणूस."

"इंजिनिअरनी काय उचलू नये का?"

"तसं नाही. चांगलं दिसतंय, म्हणून म्हणते."

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी काकूही आल्या होत्या. त्यांना रांग बघायची होती. थर्मासमधून चहा आणि कागदी कप आणले होते. दूधवाल्यांना त्यांनी दोनदा चहा दिला आणि विचारलं, "आमच्या रस्त्यानं येता का?" ते म्हणाले, मागं यायचो, कुत्र्यापायी वाट बदलली. काकू म्हणाल्या, "या आता. मला आणि शेजारच्यांना दूध पाहिजे आहे. कुत्र्याला वेगळं नको." रिक्षावाल्यांना मालक शेवटपर्यंत सापडले नाहीत. म्हातारी आली नव्हती. तिच्या लेकीनं सांगितलं की तिनं उरलेलं इंजेक्शन गावाकडच्या दवाखान्यात घ्यायचं ठरवलं, मेंढरं वाट बघत होती म्हणे.

माझं सगळं बरं झालं. पोटरीवर एक पुसट डाग आहे. पण सायकल पुन्हा जिन्याखाली गेली. मी रोज ठरवायची की उद्या जायचं, आणि उद्या उजाडला की शाळेच्या वह्या आठवायच्या. कुत्रं आता बांधलेलं असतं हे मला ठाऊक होतं, पाय मात्र ऐकत नव्हते. रस्त्यानं चालताना मागं कुणाच्या चपलेचा आवाज आला तरी मी दचकायची. वर्गात एकदा खिडकीबाहेर कुत्रं भुंकलं आणि माझ्या हातातला खडू पडला. पोरींना वाटलं, मी मुद्दाम केलं, त्या हसल्या.

मैत्रिणीनं वाट बघितली आणि मग एका सकाळी सरळ दार वाजवलं. "चल. मुख्य रस्त्यापर्यंत हातात धरून नेऊ सायकली. तिथून बसू."

"आणि तो दिसला तर?"

"दिसला तर मी मध्ये चालते. माझ्याकडं बिस्किटं आहेत."

"बिस्किटं अजिबात नको."

आम्ही दोघी सायकली हातात धरून निघालो, नवरीला पोचवायला निघाल्यासारख्या. कोपऱ्यावर गेट बंद होतं. नवीन कडी लावलेली दिसली. आतून तो भुंकला, पण जाळीच्या आतून. मी हँडल घट्ट धरलं, पण पाय थांबले नाहीत. मुख्य रस्त्याला लागून सायकलवर बसले तेव्हा पहिल्या दिवसासारखं हँडल डगमगलं. सोरेगावच्या अलीकडं मग जमून गेलं. टपरीवर मी एकाऐवजी दोन चहा घेतले.

आता आम्ही पुन्हा रोज जातो. कोपऱ्यावर उतरायची सवय मात्र राहिली आहे. काकूंची आणि आमची वेळ कधी कधी एक होते. मग काका पुढं होऊन दुरूनच हात दाखवतात, काकू पट्टा आखूड धरतात, कुत्र्याचं तोंड कंपाउंडकडं वळवतात, आणि आम्ही जाईपर्यंत तिघंही तसेच उभे राहतात. दूधवाले आले की त्यांच्यासाठीही. त्यांची घंटी वाजली की कुत्र्याचे कान उभे राहतात, बाकी काही होत नाही.

काकांनी कॉलनीतल्या इतर कुत्रेवाल्यांनाही सांगून बघितलं. एक जण ऐकतो, एक जण दाराआडूनच घरी नाही म्हणून सांगतो. काका दोघांकडंही पुन्हा जातात. लोक म्हणतात, साहेबांना रिटायर झाल्यावर काही काम नाही.

परवा सकाळी ऊन अजून कोवळं होतं. आम्ही सोरेगावहून परतत होतो आणि ते तिघं रिकाम्या प्लॉटच्या कडेला बसले होते. कुत्रा काकूंच्या पायाशी आडवा पडला होता, जीभ बाहेर. त्याचं तोंड आता पांढरं व्हायला लागलंय. मी सायकलवरून उतरले. काकू म्हणाल्या, "हात लावा की एकदा. बसलाय निवांत. ओळख झाली की भीती जाईल तुमची."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं, शेपूट मातीत एकदा आपटलं. हात पुढं करावा असं मला वाटलं, आणि पोटरीत काहीतरी आवळलं.

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "नको गं. त्यांना नको वाटत असेल तर नको. त्यांनी कशाला ओळख करून घ्यायची?" आणि मला म्हणाले, "जा मॅडम तुम्ही, शाळेला उशीर होईल."

मी हँडल धरलं आणि निघाले. मैत्रीण मात्र मागंच रेंगाळली, आणि खिशातून काय काढलं ते मी मागं वळून बघितलं नाही.